मालक गेला तरी क्लब राहिला पाहिजे : अमेरिकन सॉकर फेडरेशनला खुले पत्र

प्रति,
संचालक मंडळ,
युनायटेड स्टेट्स सॉकर फेडरेशन

विषय : खालच्या श्रेणींतील लीग व क्लबांना मान्यता देण्याचे निकष बदलण्याबाबत

स. न. वि. वि.

आपल्या फेडरेशनची स्थापना १९१३ सालची. तेव्हापासून आजवर अमेरिकेत सॉकरच्या किती लीग निघाल्या आणि किती मिटल्या, याची यादी करायला बसले तर पाने भरतील. बंद पडण्याची कारणे दरवेळी निराळी सांगितली गेली. कधी मंदी, कधी आपसातले भांडण, कधी कोर्टकचेरी. क्लब मोडण्याची रीत मात्र फारशी बदललेली नाही. मालकाने हात काढला की क्लब बंद होतो, एका हंगामात असे चार-पाच क्लब गेले की लीगमधल्या क्लबांची संख्या निकषाखाली येते, आणि मग धडधाकट उरलेल्या क्लबांनाही दुसरे छप्पर शोधावे लागते. आपले निकष मालकाची ऐपत तपासतात, स्टेडियमच्या खुर्च्या मोजतात. मालक निघून गेल्यावर क्लबचे काय, या प्रश्नाला त्यांच्यात उत्तर नाही. ते उत्तर निकषांत लिहा, एवढे मागण्यासाठी हे पत्र आहे.

आम्ही मराठी माणसांनी यात लक्ष का घालावे, असे कोणी विचारील. बंदिस्त लीग, म्हणजे जिथे कामगिरीवर वर चढणे वा खाली उतरणे नाही, आणि पैसे भरून मिळणारी जागा, या वळणाने भारतीय फुटबॉलही २०१४ च्या इंडियन सुपर लीगपासून गेला. दुय्यम दर्जा नशिबी येणार असे दिसताच २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. त्याआधी २०१० मध्ये मुंबईचा महिंद्र युनायटेड कंपनीच्या एका निर्णयाने बंद झाला होता. तेव्हा अमेरिकेतल्या खालच्या श्रेणींत जे घडते, ते आम्हाला परके वाटत नाही.

इतिहासातला जो भाग आजही आपल्या टेबलावर पडून आहे, त्यापासून सुरुवात करतो. पहिली अमेरिकन सॉकर लीग १९२१ मध्ये सुरू झाली. बेथलेहेम स्टील, फॉल रिव्हर मार्क्समेन असे तगडे संघ तिच्यात होते. कारखान्यांच्या पैशावर स्कॉटलंडहून खेळाडू आणले जात. १९२८ मध्ये लीगने ठरवले की आपल्या क्लबांनी फेडरेशनच्या चॅलेंज कपमध्ये, म्हणजे सर्व श्रेणींच्या क्लबांना खुल्या असलेल्या आजच्या ओपन कपमध्ये, खेळायचे नाही, कारण कपच्या सामन्यांनी लीगचे वेळापत्रक बिघडते. बेथलेहेम स्टील, न्यूअर्क स्कीटर्स आणि न्यूयॉर्क जायंट्स यांनी हा हुकूम मोडला. लीगने त्यांना निलंबित केले, तर फेडरेशनने लीगलाच बेकायदा ठरवून ईस्टर्न सॉकर लीग उभी करायला हातभार लावला. वर्षभर दोन्ही लीगनी एकमेकींचे प्रेक्षक आणि खेळाडू पळवले. १९२९ मध्ये समेट झाला आणि त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. ओपन कप पाच वेळा जिंकलेला बेथलेहेम स्टील १९३० मध्ये बंद पडला आणि १९३३ मध्ये ती लीगही संपली. मंदीने शेवटचा घाव घातला हे खरे. पण कारखान्याचा पैसा थांबल्यावर क्लब चालवायला दुसरे कोणीच नव्हते, हे जास्त महत्त्वाचे.

याच्या उलट उदाहरणही त्याच काळात आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. १९३३ मध्ये त्याच नावाची दुसरी लीग निघाली. पैसा कमी, खेळाडू निम्मे नोकरी करणारे, क्लब स्थलांतरितांच्या वस्त्यांचे. कियर्नी स्कॉट्सने १९३७ ते १९४१ सलग पाच विजेतेपदे मिळवली. फिलाडेल्फियाच्या युक्रेनियन नॅशनल्सने १९६० च्या दशकात चार वेळा ओपन कप जिंकला, आणि न्यूयॉर्कच्या ग्रीक अमेरिकन क्लबने १९६७ ते १९६९ अशी हॅटट्रिक केली. ही लीग १९८३ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे चालली. न्यूयॉर्कची कॉस्मोपॉलिटन सॉकर लीग तर १९२३ पासून आजतागायत सुरू आहे, आणि तिच्यात वर चढणे व खाली उतरणे हा नेहमीचा व्यवहार आहे. तिथले क्लब सभासदांच्या जिवावर चालतात. अध्यक्ष बदलतात, मैदान बदलते, नावापुढचा प्रायोजक बदलतो, पण क्लब चालू राहतो.

नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग १९८४ च्या हंगामानंतर बंद पडली आणि १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर सुरू होईपर्यंत देशात पहिल्या श्रेणीची राष्ट्रीय लीगच नव्हती. मधली वर्षे प्रादेशिक लीगनी सांभाळली : पश्चिम किनाऱ्यावर वेस्टर्न सॉकर अलायन्स, टेक्सासच्या बाजूला लोन स्टार अलायन्स, पूर्वेला १९८८ ची तिसरी अमेरिकन सॉकर लीग. बस करून जाता येईल एवढ्या अंतरातले सामने, म्हणून खर्च आवाक्यात. १९९० मध्ये पूर्व आणि पश्चिम एकत्र येऊन अमेरिकन प्रोफेशनल सॉकर लीग झाली. फ्रान्सिस्को मार्कोस यांनी १९८६ मध्ये नैर्ऋत्येत इनडोअर लीग काढली होती, ती वाढत वाढत आजची युनायटेड सॉकर लीग, म्हणजे युएसएल, झाली. युएसएलची वाढ नवी शहरे जोडून, म्हणजे फ्रँचायझी विकून झाली. लीगचे उत्पन्न नव्या सभासदांच्या प्रवेश शुल्कावर अवलंबून असले की जुना क्लब बुडण्यापेक्षा नवा क्लब न मिळणे हा मोठा धोका वाटू लागतो. हा दोष एकट्या युएसएलचा नाही, तो बंदिस्त पद्धतीच्या रचनेतच आहे.

आता निकषांकडे येतो. २०१४ साली सुधारलेल्या व्यावसायिक लीग निकषांनुसार दुसऱ्या श्रेणीच्या लीगला पहिल्या वर्षी किमान ८ संघ, तिसऱ्या वर्षी १० आणि सहाव्या वर्षी १२ संघ लागतात. सहाव्या वर्षापर्यंत पूर्व, मध्य आणि पॅसिफिक अशा तिन्ही कालविभागांत संघ हवेत. ७५ टक्के संघ साडेसात लाखांपेक्षा जास्त वस्तीच्या महानगर क्षेत्रात हवेत आणि स्टेडियमची क्षमता किमान ५,००० हवी. मुख्य मालकाकडे क्लबचा किमान ३५ टक्के हिस्सा आणि राहते घर व क्लब वगळून २ कोटी डॉलरची मालमत्ता असली पाहिजे. तिसऱ्या श्रेणीला १,००० खुर्च्या आणि १ कोटी डॉलरची मालमत्ता पुरते. लोकसंख्या व कालविभागांची अट तिथे नाही.

यातली मालमत्तेची अट सर्वांत भक्कम वाटते आणि प्रत्यक्षात सर्वांत पोकळ ठरते. दोन कोटींची मालमत्ता असणे ही ऐपत झाली. ती क्लबवर खर्च करण्याचे बंधन त्यातून येत नाही. मालक अर्जाच्या दिवशी श्रीमंत असतो आणि तीन हंगाम तोटा सोसल्यावरही श्रीमंतच असतो. फक्त तो कंटाळलेला असतो. लीगकडे ठेवलेली बँक हमी उपयोगी पडते ती चालू हंगाम कसाबसा पुरा करण्यासाठी. हंगाम संपल्यावर क्लब जिवंत राहावा म्हणून तिच्यात एक डॉलरही बाजूला काढलेला नसतो.

१९८४ ला संपलेल्या लीगचेच नाव घेऊन पुढे दुसरी नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग (एनएएसएल) निघाली; सॅन फ्रान्सिस्को डेल्टाज २०१७ मध्ये तिचे विजेते झाले आणि तो त्यांचा पहिला व शेवटचा हंगाम ठरला. रोचेस्टर ऱ्हायनोजचे प्रकरण याहून जिव्हारी लागणारे आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस या क्लबच्या सामन्याला सरासरी दहा हजारांवर प्रेक्षक येत. १९९९ मध्ये शिकागो, डॅलस, कोलंबस आणि कोलोरॅडो या मेजर लीगच्या चार संघांना हरवून त्यांनी ओपन कप जिंकला. त्यानंतर खालच्या श्रेणीतल्या कोणालाही तो जिंकता आलेला नाही. २००६ मध्ये त्यांचे फक्त सॉकरसाठी बांधलेले स्टेडियम उघडले. प्रेक्षक, यश, मैदान असे सगळे असूनही क्लब २०१७ च्या हंगामानंतर थांबला, २०२२ मध्ये नव्या नावाने एक हंगाम खेळला आणि २०२३ च्या मार्चमध्ये कायमचा बंद झाला. निकषांची प्रत्येक ओळ पूर्ण करणारा क्लबही मरू शकतो, हे रोचेस्टरने दाखवून दिले आहे.

म्हणून पहिली मागणी. क्लबचे नाव, बोधचिन्ह, रंग, विक्रम, युवा संघांची नोंदणी आणि हंगामी तिकीटधारकांची यादी या गोष्टी मालकाच्या कंपनीत न ठेवता त्या गावातल्या विश्वस्त संस्थेकडे असाव्यात, आणि कंपनीला त्या वापरण्याचा करार द्यावा. मालक गेला तर करार संपतो आणि क्लब विश्वस्तांकडे परत येतो. त्याला पुढच्या हंगामात निदान हौशी पातळीवर खेळण्याची जागा आपोआप मिळावी. सध्या होते ते असे : मालक थकतो, फ्रँचायझीचे हक्क दुसऱ्या शहराला विकतो आणि आधीच्या शहरात काहीच उरत नाही. २०१० च्या हंगामानंतर ऑस्टिन अझ्टेक्स ऑरलँडोला गेला, त्याचा ऑरलँडो सिटी झाला आणि २०१५ मध्ये तो मेजर लीगमध्ये पोचला. ऑरलँडोचे चांगले झाले, पण ऑस्टिनच्या प्रेक्षकांना विचारायला हवे होते असे तेव्हाच्या नियमांत कुठेही लिहिलेले नव्हते.

दुसरी गोष्ट ३५ टक्क्यांची. एका माणसाकडे एवढा हिस्सा असलाच पाहिजे, या अटीमुळे सभासदांच्या मालकीच्या क्लबला व्यावसायिक दार जवळजवळ बंद होते. डेट्रॉइट सिटी एफसी २०१२ मध्ये चौथ्या पातळीवर सुरू झाला. हॅमट्रॅमिकच्या जुन्या कीवर्थ स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी त्यांनी समर्थकांकडून ७,४१,२५० डॉलर कर्जाऊ उभे केले, २०१६ पासून तिथे खेळू लागले आणि २०२२ मध्ये दुसऱ्या श्रेणीत आले. २००९ साली सुरू झालेला चॅटनूगा एफसी हौशी होता, तरी २०१५ च्या एनपीएसएल या चौथ्या पातळीवरच्या लीगच्या अंतिम सामन्याला त्यांच्या मैदानावर १८,२२७ प्रेक्षक होते. अशा क्लबांना एखादा कोट्यधीश शोधून त्याच्या हाती चाव्या द्यायला लावणे म्हणजे त्यांची बळकट बाजूच कमकुवत करणे आहे. तिसऱ्या श्रेणीसाठी पर्याय ठेवा : एक मुख्य मालक किंवा संपूर्ण हंगामाच्या मंजूर अंदाजपत्रकाएवढी रोख ठेव. ठेव सभासदांनी जमवली की एकाने भरली, याच्याशी फेडरेशनला देणेघेणे नसावे.

कालविभाग आणि अंतराचा प्रश्न नकाशा समोर ठेवून पाहा. मेन राज्यातले पोर्टलंड आणि वॉशिंग्टन राज्यातले स्पोकेन ही दोन शहरे आज एकाच तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये आहेत. अंतर सुमारे ३,६०० किलोमीटर, घड्याळात तीन तासांचा फरक. एका दौऱ्याला १८ खेळाडू आणि ५ कर्मचारी धरले तर २३ विमानतिकिटे, दोन रात्री, किमान डझनभर खोल्या, सामानाचे जादा वजन आणि तिकडच्या गाड्या. पुन्हा परतल्यावर खेळाडूंना सरावाचा निदान एक दिवस गमवावा लागतो. हजार-दोन हजार प्रेक्षकांच्या तिकिटांवर हे भागत नाही, मग तूट भरायला मालक लागतो आणि गाडी पुन्हा तिथेच येते. तिसरी श्रेणी चार प्रादेशिक गटांत विभागा. गटातले सामने बसने होतील असे बसवा आणि गटविजेत्यांना हंगामाच्या शेवटी एकत्र आणा. दुसऱ्या श्रेणीची तीन कालविभागांची अट तर काढूनच टाका. एनएएसएल ज्या अटींवर अडखळली त्यांत बारा संघ आणि पॅसिफिक विभाग या दोन्ही होत्या. खेळाचा दर्जा आणि कालविभाग यांचा संबंध काय, हे कधी कोणी समजावून सांगितलेले नाही.

मान्यता नाकारल्यावर एनएएसएलने फेडरेशन आणि मेजर लीगवर लावलेल्या दाव्याचा निकाल २०२५ च्या फेब्रुवारीत ज्यूरीने त्या दोघांच्या बाजूने दिला, हे आम्हाला मान्य आहे. कायद्याच्या प्रश्नाला ज्यूरीने उत्तर दिले. कारभाराचा प्रश्न उरतो. २०१८ च्या हंगामाला एनएएसएलला दुसऱ्या श्रेणीची मान्यता नाही, हे आपण २०१७ च्या सप्टेंबरमध्ये सांगितले. हंगाम मार्चमध्ये सुरू होतो. हंगामी तिकिटांची विक्री ऑक्टोबरात सुरू व्हावी लागते, प्रायोजक पुढच्या वर्षाचा पैसा डिसेंबरपूर्वी ठरवतात, मैदानाचा भाडेकरार शाळा-महाविद्यालयांच्या अमेरिकन फुटबॉलच्या वेळापत्रकाबरोबर जुळवावा लागतो, परदेशी खेळाडूंच्या व्हिसाला महिने जातात. सप्टेंबरात श्रेणी बदलली की यातले प्रत्येक काम नव्याने करावे लागते. मान्यतेचा निर्णय हंगामाच्या किमान बारा महिने आधी जाहीर व्हावा आणि निकषातून कोणाला कोणती सूट दिली, किती मुदतीची, हे त्याच दिवशी लोकांपुढे ठेवावे. २०१७ मध्ये आपण एनएएसएल आणि युएसएल या दोघींनाही तात्पुरती दुसरी श्रेणी दिली होती, तेव्हा सवलतींचा हिशेब बाहेरच्यांना लागत नव्हता. गुपचूप दिलेल्या सवलतीमुळे निर्णय बरोबर असला तरी संशय उरतो.

वर चढणे आणि खाली उतरणे आता कल्पनेतले राहिलेले नाही. ते लागू करावे, ही मायामी एफसी आणि किंग्स्टन स्टॉकेड या क्लबांची तक्रार क्रीडा लवादाने २०२० मध्ये फेटाळली होती. पण २०२५ च्या मार्चमध्ये युएसएलच्या मालकांनी स्वतःहून प्रमोशन-रेलिगेशन स्वीकारले. हा निर्णय तडीला जाईल की नाही, हे आपल्या निकषांवर ठरेल. तिसऱ्या श्रेणीचा विजेता नोव्हेंबरमध्ये ठरला तर मार्चपर्यंत त्याला १,००० ऐवजी ५,००० आसने दाखवायची आहेत. तात्पुरते स्टँड भाड्याने मिळतात, पण त्यासाठी अग्निशमन दलाची तपासणी, जिन्यांची रुंदी, अपंगांसाठीच्या जागा, स्वच्छतागृहे, वाढीव पार्किंग आणि पालिकेची मंजुरी लागते. थंड प्रदेशात डिसेंबर ते फेब्रुवारी पायाचे काँक्रीटही धड ओतता येत नाही. चार महिन्यांत हे होणार नाही, मग एकतर बढती नाकारावी लागेल किंवा सूट द्यावी लागेल. वर गेलेल्या क्लबला स्टेडियमसाठी तीन हंगाम आणि मालमत्तेच्या अटीसाठी दोन हंगाम, अशी मुदत निकषातच लिहा. दिवे, खेळपट्टीची मापे, वैद्यकीय सोय आणि खेळाडूंच्या पगाराची हमी या चार गोष्टींत मात्र पहिल्या दिवसापासून सवलत नको.

खाली येणाऱ्याची बाजूही तेवढीच नाजूक आहे. त्याचे करार वरच्या श्रेणीच्या पगाराचे असतात आणि उत्पन्न एका हिवाळ्यात घसरते. प्रत्येक करारात श्रेणी उतरल्यास पगार किती कमी होईल, हे आधीच लिहिलेले असावे आणि लीगच्या मध्यवर्ती उत्पन्नातून दोन वर्षे घटत जाणारी मदत मिळावी. एरवी पहिल्याच वर्षी खाली आलेला क्लब मोडेल आणि सगळे म्हणतील की अमेरिकेत हे चालत नाही.

राहिला ओपन कप. खालच्या क्लबला मेजर लीगपर्यंत नेणारा मैदानावरचा रस्ता आज एवढाच उरला आहे. बाकी रस्ता पैशाचा. सिनसिनाटीने प्रवेशासाठी १५ कोटी डॉलर भरले, सॅन डिएगोने ५० कोटी. सॅक्रामेंटोला २०१९ मध्ये जागा जाहीर झाली होती. २०२१ मध्ये मुख्य गुंतवणूकदाराने माघार घेतली आणि जागाही गेली. त्याच सॅक्रामेंटोने २०२२ मध्ये सॅन होजे, लॉस एंजेलिस गॅलेक्सी आणि स्पोर्टिंग कॅन्सस सिटी यांना हरवून कपची अंतिम फेरी गाठली.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये मेजर लीगने आपले मुख्य संघ कपमधून काढून घेण्याचे जाहीर केले. कारण १९२८ चेच : वेळापत्रक. आपण नकार दिलात, त्याबद्दल आभार. पण पुढे झालेली तडजोड कमजोर आहे. २०२४ मध्ये मेजर लीगचे फक्त आठ मुख्य संघ उतरले, २०२५ मध्ये सोळा. अमेरिकेतल्या प्रत्येक पहिल्या श्रेणीच्या क्लबने मुख्य संघ उतरवणे ही मान्यतेची अट करा. पहिल्या तीन फेऱ्यांत भिन्न श्रेणींचे क्लब समोरासमोर आले तर खालच्या क्लबला घरचे मैदान द्या आणि पाहुण्यांचा प्रवासखर्च फेडरेशनने उचला. एका फेरीत घरच्या मैदानावर मेजर लीगचा संघ आला, तर छोट्या क्लबच्या वर्षभराच्या तिकीटविक्रीत दिसेल एवढी भर पडते. बरीच वर्षे प्रत्येक खालच्या श्रेणीतून सर्वांत पुढे गेलेल्या संघाला २५,००० डॉलर मिळत. एका लांबच्या दौऱ्याचा खर्च वजा केला की त्यात फारसे उरत नसे.

शेवटची मागणी हिशेबाची. किंग्स्टन स्टॉकेडने चौथ्या पातळीवर खेळताना आपला जमाखर्च लोकांपुढे मांडला, तेव्हा इतर गावांतल्या माणसांना क्लब काढायला किती पैसा लागतो हे प्रथमच कळले. व्यावसायिक क्लबांनी वर्षातून एकदा चार आकडे द्यावेत : तिकिटांचे उत्पन्न, प्रवासखर्च, पगार आणि मालकाने भरलेली तूट. तुटीचा आकडा सलग दोन वर्षे एकूण खर्चाच्या निम्म्यावर गेला तर फेडरेशनने त्या क्लबची तपासणी करावी. बंद पडल्याची बातमी नोव्हेंबरात वाचण्यापेक्षा धोका जूनमध्ये कळलेला बरा. जूनमध्ये नवा मालक शोधता येतो, विश्वस्त जमवता येतात, खालच्या श्रेणीत जागा राखून ठेवता येते.

सुधारित निकषांचा मसुदा पुढच्या मान्यतेच्या फेरीपूर्वी प्रसिद्ध करावा, हरकतींसाठी निदान साठ दिवस द्यावेत आणि मसुदा समितीत लीगच्या प्रतिनिधींच्या बरोबरीने हौशी क्लबांचे, खेळाडू संघटनांचे व समर्थकांचे प्रतिनिधी घ्यावेत, ही विनंती.

कळावे.

आपले,
अमेरिकेतल्या खालच्या श्रेणींचा खेळ जवळून पाहणारे मराठी फुटबॉलप्रेमी